चौथी सवारी

तिच्या नवऱ्याला मित्रमंडळी 'बॉनेट' म्हणायची, कारण माणूस कधीही पाहा, डोकं गाडीच्या बॉनेटखालीच. छोटी गाडी श्रेष्ठ की मोठी, हा त्या मंडळींचा जन्माचा काथ्याकूट. बॉनेटच्या मते त्याच्या दोन दारांच्या लाल गाडीपेक्षा मोठं जे काही रस्त्यावर धावतं, ते सगळं निव्वळ चरबी. दाताच्या डॉक्टरांच्या मते छोटी गाडी म्हणजे चाकं लावलेला डबा. फोटोग्राफर आज याच्या बाजूने, उद्या त्याच्या. चहा मात्र कायम तिच्याकडे.

आठवडाभर ती हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत उभी असे. ओल्या चादरी उचलायच्या, झटकायच्या, गरम रोलरखाली सरकवायच्या, घड्या घालायच्या. सुट्टीच्या दिवशी पायांना सूज आणि कानांना गिअरबॉक्स. लग्नानंतर काही वर्षं तीही हौसेने ऐकायची. मग कौतुक आटलं, पुढे रागही आटला, आणि उरला नुसता शीण.

या रविवारी मात्र तिने आधीच बजावून ठेवलं होतं. आईमागे जिने तिला वाढवलं ती तिची ताई, घर आवरून परदेशी मुलाकडे कायमची निघाली होती. फोनसुद्धा कालच बंद केलेला. ताईची तब्येत पाहता पुन्हा भेट होईल असं दोघींपैकी कोणीच धरून चाललं नव्हतं.

"अहो, आज वाद नको. ताई निघायच्या आत मला पोचवा."

"अगं, पोचलीसच समज," बॉनेट म्हणाला, आणि तेवढ्यात डॉक्टर आणि फोटोग्राफर फाटकातून आत आले.

"चार मोठी माणसं घेऊन तुझी गाडी पाण्याच्या टाकीचा चढ दुसऱ्या गिअरवर चढली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही," डॉक्टर म्हणाले.

बॉनेटचे डोळे चमकले. "चढ ताईंच्या वाटेतच आहे गं. चौथी तू. जाता जाता होऊन जाईल."

ती अंग चोरून मागे बसली. शेजारी फोटोग्राफर, पुढे डॉक्टर. गाडी कण्हत कुथत माथ्यावर पोचली.

"मध्ये पहिला टाकलास," डॉक्टर म्हणाले.

"शपथ, नाही टाकला!"

फोटोग्राफरने भीतीने डोळे मिटले होते, त्यामुळे साक्षीदार कोणी नव्हता. गाडी वळून खाली आली.

"अहो, ताई वाट बघत असेल."

"हो गं, आता शेवटचं."

या खेपेला गाडी दुसऱ्या गिअरवरच चढली. तिने सुटकेचा श्वास सोडला, तर डॉक्टर म्हणतात, "वहिनींना पूर्ण माणूस कसं धरायचं? त्या म्हणजे अर्धी सवारी."

बॉनेट खवळला. क्षणभर तिला वाटलं, आपल्यासाठीच. किती वर्षांनी बरं वाटलं तिला!

"अर्धी म्हणतोस माझ्या गाडीला हिणवायला? चल, वजन वाढवू!" त्याने पुन्हा गाडी वळवली. चढाच्या पायथ्याशी एका बांधकामापुढे वाळूची पोती रचलेली होती.

"मला उतरू द्या," ती म्हणाली. डॉक्टर उतरले, पुढची सीट मुडपली, तेव्हा कुठे तिला बाहेर पडता आलं.

"घेतोच तुला वाटेत," असं म्हणत बॉनेटने तिच्या जागी पोतं बसवलं. पोतं किती किलोचं, यावर लगेच जुंपली.

ती पायऱ्यांच्या जवळच्या वाटेने चढली. सुजलेले पाय चपलेत मावेनात, धाप लागली. ताईच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली.

"अहो, आत्ता गेल्या. तुम्ही धाकट्या ना?"

तिने मान डोलावली. इतक्यात हॉर्न वाजवत गाडी दारात आली. बॉनेटने खिडकीतून डोकं काढलं. "चढली! पोत्यासकट चढली!"

शेजारीण गाडीकडे पाहतच राहिली. "म्हणजे तीच का ही? आमच्या गॅलरीतून टाकीचा माथा दिसतो. टॅक्सीचा ड्रायव्हर घाई करत होता, पण ताई हलेनात. थांबा हो, म्हणाल्या, ती बघा लाल गाडी, माझी धाकटीच आली. गाडी वर यायची आणि परत फिरायची. दुसऱ्यांदा फिरली तेव्हा म्हणाल्या, नाही, तिची नसेल. तिची असती तर इथवर येऊन परत गेली नसती. मग गेल्या बसून."

बॉनेटने इंजिन बंद केलं. डॉक्टर घाईघाईने उतरले, सीट मुडपून बाजूला झाले, आणि फोटोग्राफर वाळूचं पोतं ओढून तिच्यासाठी जागा करू लागला.

"राहू द्या ते," ती म्हणाली, आणि ताईच्या बंद दाराला पाठ टेकून खाली बसली.