एकोणीस घरं आणि एक बासरी

आमच्या वाद्यवृंदाने सहा दिवसांच्या निवासी उपक्रमात एकोणीस घरी जेवण केलं आणि एकूण दीड तास रियाज केला.

वाद्यवृंद म्हणजे आम्ही तिघं. मी बासरी वाजवतो, धुळ्याची प्रणाली व्हायोलिन वाजवते आणि फैजपूरचा संकेत तबला. तिघंही जळगावला एकाच कॉलेजात शिकतो. गायक नाही, निवेदक नाही, स्पीकरच्या भिंती नाहीत. पन्नास-साठ माणसांनी जवळ बसून ऐकावं असं वाद्यसंगीत करायचं, ही प्रणालीची कल्पना. कल्पना नेहमी तिच्याच असतात. मी बहुतेक वेळा "चालेल" म्हणतो, आणि संकेत काही म्हणत नाही, तो मांडीवर ठेका धरतो.

यंदा आम्ही पहिला हंगाम आखला होता. जळगावला सुरुवात, मग एरंडोल, फैजपूर, धुळ्याला दोन बैठका, आणि या सगळ्याआधी एका गावात सहा दिवसांचा मुक्काम. मुक्कामात रोज सकाळी रियाज, दुपारी नव्या रचना बसवणं, संध्याकाळी गावकऱ्यांशी गप्पा. नाशिकची एक संस्था या सगळ्याच्या पाठीशी उभी राहायला तयार होती, पण एका अटीवर. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी त्यांचे सर येऊन आमचं वादन ऐकणार, आणि त्यांना पटलं तरच पुढच्या बैठका होणार. नाही पटलं तर हंगाम तिथेच संपला.

मुक्कामासाठी गाव कोणतं, असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हणालो, "आमचं चालेल का?"

इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणा नदीच्या काठी. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची पिठाची गिरणी आहे. चाळीस वर्षं गिरणीच्या आवाजात बोलल्यामुळे ते फोनवरही मोठ्यानेच बोलतात, आणि समोरच्याचं अर्धंच ऐकतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेजातली कुठलीही गोष्ट घरी समजावून सांगायची म्हटलं की मी सोपी करून अर्धीच सांगतो.

"आबा, आम्ही तिघं सहा दिवस गावात राहणार. वाजवणार. लोकांमध्ये मिसळणार. शेवटच्या दिवशी मोठा कार्यक्रम."

"म्हंजे सप्तासारखं शे ना?"

हरिनाम सप्ताह आमच्याकडे दरवर्षी होतो. सात दिवस भजन-कीर्तन चालतं, आणि बाहेरून आलेल्या महाराजांना आणि वादकांना गावातली घरं पाळीपाळीने जेवू घालतात. पाळी नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान. पाळी न मिळणं म्हणजे त्याहून मोठा.

आता इथे मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण आबांच्या आवाजात इतका आनंद होता, शिवाय मागे गिरणी सुरू होती. मी म्हणालो, "हो, साधारण तसंच."

"बस, बठ्ठं समजनं माले," म्हणून आबांनी फोन ठेवला.

आम्ही गावात पोचलो तेव्हा गिरणीच्या दारात काळा फळा होता. एरवी त्यावर कोणाचा डबा कितवा हे लिहिलेलं असतं. आता वर खडूने लिहिलं होतं: 'वादकांचं जेवण'. खाली सहा दिवसांचे रकाने आणि त्यात नावं. गावात प्रत्येकाला दळण आणायला गिरणीवर यावंच लागतं. आबांनी एकालाही वगळलं नव्हतं.

प्रणालीने फळा वाचला, मग बॅगेतून स्वतःचं वेळापत्रक काढून तेही वाचलं.

"सकाळी सात ते दहा रियाज आहे आपला," ती म्हणाली. "इथे साडेआठला 'धोंडूनाना' असं काय लिहिलंय?"

"नाश्ता असेल," मी म्हणालो.

"आणि साडेनऊला?"

"तोही नाश्ताच असेल."

पहिल्या दिवशी मजा आली, खोटं बोलणार नाही. एका घरी शेवभाजी, दुसऱ्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. संकेतने बोटं चाटत सांगितलं, "भो, निवासी उपक्रम असा रोज पाहिजे." दुसऱ्या दिवशी तो असं काही बोलला नाही.

रियाजासाठी ग्रामपंचायतीने आम्हाला गावचं वाचनालय दिलं होतं (ते कायम बंद असल्यामुळे उत्तम स्थितीत आहे). आम्ही दार लावायचो, व्हायोलिन सुरात लावायचो, मी पहिला श्वास घ्यायचो, आणि खिडकीत एक डोकं उगवायचं.

"चला, पानं वाढेल शेतस."

"नाना, अर्ध्या तासात येतो."

"अर्धा तासमा भाकर थंडी व्हयी जास. हाई वाजाडनं काय थंडं व्हनार शे का?"

प्रणाली संगीतावर तासभर बोलू शकते, पण तिने गज पेटीत ठेवला आणि चप्पल शोधली.

धोंडूनाना म्हणजे आमच्या शेजारचे. गावातलं कुठलंही काम त्यांच्या मताशिवाय पुढे सरकत नाही. त्यांना आमच्याबद्दल एकच शंका होती.

"गानारा कवय येनार शे?"

"गाणारं कोणी नाही, नाना. फक्त वाद्यं."

नानांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. घरात आजारी माणूस असल्यासारखा आवाज बारीक करून म्हणाले, "काही हरकत नही. तुम्ही जेवा पोटभर."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आयुष्यातलं पहिलं मोठं पाप केलं. चारही घरांच्या पाळ्या झाल्या तर रियाज शून्य, हे दिसत होतं. आबा जेवायला घरी गेले होते, गिरणीत कोणी नव्हतं. मी फळ्यापुढे उभा राहिलो आणि शर्टाच्या बाहीने त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीतलं नाव पुसलं. कोणाचं ते वाचलंही नाही. वाचलं असतं तर पुसवलं नसतं.

त्या पुसलेल्या नावाच्या जागी आम्हाला एक तास मिळाला. वर सांगितलेल्या दीड तासातला मोठा भाग तो हाच.

चौथ्या दिवशी नानांच्या शेतात भरताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडग्याने कुटली, आणि केळीच्या पानावर भरीत-पुरी समोर आली. पहिल्या वेळी मी स्वतःहून घेतलं, दुसऱ्यांदा नानांनी वाढलं, तिसऱ्यांदा नानांच्या सुनेने वाढलं, आणि चौथ्यांदा नाना म्हणाले, "मन्हा हातनं चालनं, अन् सूनना हातनं चालनं, मंग मन्हा भाऊनी काय पाप करं?" आम्ही तिघंही नंतर बांधावर आडवे झालो. नव्या रचनेबद्दल चर्चा करायची असं प्रणालीने सुचवलं, पण वाक्य पूर्ण होण्याआधी तिला झोप लागली.

संध्याकाळी मी बासरी ओठाला लावली. बासरीला श्वास पोटातून लागतो. पोटात जागा नव्हती. जो आवाज आला तो ऐकून संकेतने विचारलं, "तुला बरं वाटत नाही का?"

"तो मध्यम होता," मी म्हणालो.

रात्री प्रणालीने माझ्या धाकट्या बहिणीच्या वहीतलं पान फाडून त्यावर युक्ती मांडली. "उद्या आपल्याला उपास आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वादक उपास करतात, असं तुझ्या वडिलांना सांग. खोटं आहे, पण कोणाचं नुकसान नाही."

मी आबांना सांगितलं. आबा भारावले. माझ्याविषयी त्यांच्या डोळ्यांत इतका आदर मी पहिल्यांदाच पाहिला. "एवढं कडक शे का तुम्हनं?" म्हणाले आणि सकाळी गिरणीत येईल त्याला सांगत सुटले.

दहा वाजेपर्यंत साबुदाण्याच्या खिचडीची तीन पातेली आली. मागोमाग भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, राजगिऱ्याचे लाडू, रताळी. ज्यांची पाळी नव्हती त्यांनीही पाठवलं, कारण उपासाच्या माणसाला खाऊ घातलं की पुण्य जास्त. माझी माय पातेल्यांच्या रांगेकडे बघत म्हणाली, "एकादशी अन् दुप्पट खाशी, ते आज डोळाघाई देखं."

प्रणालीने दुपारी व्हायोलिनच्या पेटीवर डोकं ठेवलं. "माझ्या सगळ्या कल्पना वाईट आहेत का रे?" तिने विचारलं. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणालो, "नाही, गाव चांगलं आहे."

सहावा दिवस. पाच वाजता मारुतीच्या सभामंडपात कार्यक्रम, त्याआधी सर येणार. मी आबांच्या पाया पडून सांगितलं होतं की आज एकही पाळी नको. त्यांनीही शब्द दिला आणि सकाळी फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसला. साडेदहाला आम्ही वाचनालयात बसलो. पोट जरा हलकं होतं. संकेतचा ठेका बसला, प्रणालीचा गज सरळ चालू लागला, आणि मला वाटलं, होईल. हंगाम होईल.

अकराच्या सुमाराला आबा दारात आले. पीठ लागलेले हात पुसत उभे राहिले. ते हळू बोलत होते, म्हणजे काहीतरी गंभीर होतं.

"सीताअक्का काल सांजले गिरणीवर येयल होती. फळा देखना, काही बोलनी नही, चालनी गयी. तिन्हं नाव मी तिसरा दिवसले लिखेल होतं. कोनी पुसं काय माहीत."

सीताअक्का एकट्या राहतात. गावात मांडे त्यांच्यासारखे कोणी करत नाही. पुरण भरून पातळ केलेली, ताटाएवढी पोळी हातांवर फिरवत मोठी करायची आणि उलट्या खापरावर भाजायची, हे काम आता फार थोड्यांना जमतं. मी पुसलेली ओळ त्यांची होती.

आबा गेल्यावर मी दोघांना खरं ते सांगितलं.

"तू पुसलंस?" प्रणाली म्हणाली.

"बाहीने."

संकेतने तबल्यावर कापड टाकलं. "मग जावं लागेल भो."

"फक्त बसून येऊ," प्रणाली म्हणाली. "खायचं नाही. पाया पडायचं, माफी मागायची, निघायचं. पंधरा मिनिटं."

वाद्यं ठेवून, नारळ घेऊन साडेबाराला अक्कांच्या घरात शिरलो तर पाटावर आधीच एक पाहुणा बसलेला. पांढरा झब्बा, खांद्यावर शाल, समोर दुधात बुडवलेला मांडा. कपाळावर घाम.

नाशिकचे सर होते. त्यांची गाडी लवकर पोचली होती, ते पत्ता विचारत गिरणीवर गेले, आणि आबांनी विचार केला की अक्कांची पाळी रिकामी आहे आणि सर रिकामे आहेत.

"या, या," सर म्हणाले. त्यांना बोलायला त्रास होत होता. "हा चौथा आहे. यांना नाही कसं म्हणतात, तुम्हाला माहीत आहे का?"

आम्हाला माहीत नव्हतं.

मी अक्कांसमोर वाकलो. "अक्का, नाव मी पुसलं होतं. चुकलं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "मी सकायपाइन चुल्हापुढे बठेल शे," त्या म्हणाल्या. मग शांतपणे तीन पाट मांडले. "दोनच खा. तिसराना आग्रह मी करनार नही."

त्यांनी शब्द पाळला. तिसऱ्याचा आग्रह केला नाही. नुसता वाढला.

पाच वाजता सभामंडप भरला. आमच्याबद्दल कुतूहल होतं आणि आम्हाला जेवू घातलेलं असल्यामुळे प्रत्येकाला थोडा हक्कही वाटत होता. पुढे खुर्चीवर सर. आम्ही भीमपलास सुरू केला.

मला श्वास पुरेना. एका फुंकेत जिथे चार स्वर यायचे तिथे दीड येऊ लागला, उरलेल्या अडीचची हवा नुसती सुस्काऱ्यासारखी निघायची. संकेतचा ठेका आधीच विलंबित होता, तो आणखी विलंबित झाला, आणि एका समेला तर आम्ही पोचलो की नाही यावर आजही एकमत नाही. प्रणालीचा गज मधेच थांबला. ती विचारात आहे असं लोकांना वाटलं असेल. मला दिसत होतं, तिचे डोळे मिटले होते.

मी सरांकडे पाहिलं. त्यांची हनुवटी शालीत गेली होती. त्यांच्या मागे नाना, नानांच्या मागे दोन ओळी. सभामंडपात इतकी शांतता मी सप्ताहातही ऐकली नव्हती.

शेवटी टाळ्या झाल्या, त्या आवाजानेच सर जागे झाले. नाना उठून माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गानारा नव्हता म्हनीसन झोप चांगली लागनी."

सरांनी आम्हाला बाजूला नेलं. ते प्रामाणिक गृहस्थ होते. "मी झोपलो होतो," ते म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही. मी तुमच्यावर अन्याय करू इच्छित नाही. तूच सांग, कसं झालं?"

त्यांनी बोट माझ्याकडे केलं. प्रणालीने माझा दंड इतक्या जोरात दाबला की खूण दोन दिवस राहिली. फक्त "चांगलं झालं" एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या झब्ब्यावर पुरणाचा डाग होता, ते माझ्यासारखेच दमलेले दिसत होते, आणि अशा माणसाशी खोटं बोलवेना.

"सर, वाईट झालं," मी म्हणालो. "फार वाईट. मीच जास्त."

सरांनी झब्ब्यावरचा डाग शालीने झाकला. मग म्हणाले, "मग सगळ्या हंगामासाठी मी कसा शब्द देऊ?" आणि पुढे, "धुळ्याची एक बैठक करा. मी येईन. त्यावर बाकीचं ठरवू. आणि त्या दिवशी दोघंही, म्हणजे तुम्ही आणि मी, उपाशी येऊ."

असा आमचा हंगाम सध्या एका बैठकीवर येऊन उभा आहे. कॉलेजच्या मागच्या खोलीत आम्ही रोज सकाळी तीन तास बसतो. भीमपलास आता खरंच बरा होतो आहे. प्रणाली माझ्याशी गावाहून परतल्यावर चौथ्या दिवसापासून बोलायला लागली.

धुळ्याला मुक्काम तिच्याच घरी आहे. काल तिच्या आईचा फोन येणार होता, तेव्हा तिने मला समोर बसवून तीनदा पाठ करून घेतलं: "आम्ही कार्यक्रमाआधी काही खात नाही. बस. एवढंच. म्हणून दाखव." मी तीनदा म्हणून दाखवलं. एकदाही अडखळलो नाही.

मग फोन वाजला, आणि प्रणालीने तो माझ्या हातात दिला. काकूंनी फार प्रेमाने विचारलं, "बाळा, तुम्हा मुलांना काय आवडतं?"

"काहीही चालेल, काकू," मी म्हणालो.