कणकेचा मेंदू

माझ्या हातून फार मोठ्या चुका होत नाहीत, कारण मुळात मी फारसं काही करतच नाही. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. विचारलं तर उत्तर देते, तेही पुढच्या बाकाला ऐकू जाईल एवढंच. त्यामुळे मी एकदा अख्ख्या अकरावीला तासभर मैदानात उभं केलं होतं, असं सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या गावात मात्र सगळ्यांचा बसलेला आहे.

झालं असं. आमचं ज्युनिअर कॉलेज म्हणजे शाळेच्याच आवारातल्या चार खोल्या. यंदा तिथे मानसशास्त्र हा नवा विषय सुरू होणार होता. शिकवायला काळे मॅडम, रोज बुलढाण्याहून एसटीने येणाऱ्या. अट एकच: वीस मुलांनी नाव दिलं तर विषय चालणार, नाहीतर बंद.

मला तो विषय हवा होता. मी बोलत नाही, त्यामुळे लोकांकडे बघायला मला भरपूर वेळ मिळतो. लोक असे का वागतात, हे कुणीतरी पुस्तकात लिहून ठेवलंय म्हटल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

माझं धरून अठरा नावं झाली होती. शेवटच्या दिवशी, शनिवारी नऊ वाजता, मॅडम सगळ्या अकरावीला मेंदू कसा चालतो ते सांगणार होत्या. ते ऐकून आणखी दोघं तरी येतील, अशी त्यांना आशा होती. मेंदूची प्रतिकृती कोण करून आणेल, असं त्यांनी वर्गात विचारलं. माझा हात खांद्यापर्यंत वर गेला. तेवढा त्यांना पुरला.

शनिवारी आई-बाबा उजाडताच निंदायला शेतात गेले आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. शाडू माती आमच्याकडे मिळत नाही. मी कणीक घेतली. तिच्यावर मेंदूच्या वळ्या इतक्या छान उठल्या की मला माझंच कौतुक वाटलं. रंगपेटीतले रंग ओल्या कणकेवर फिसकटले, म्हणून एका भागाला हळद लावली, दुसऱ्याला कुंकू. मधल्या रेषा काजळाने काढल्या. मज्जारज्जू म्हणून लाल दोरा खाली सोडला. लहान मेंदू करायच्या वेळी कणीक संपली, तर त्या जागी एक लिंबू बसवलं. लिंबू सारखं घरंगळत होतं, म्हणून त्याला टाचण्या टोचल्या. बाकी टाचण्या भागांची नावं लावायला. नावांच्या चिठ्ठ्या मात्र ओल्या होतील म्हणून कंपासपेटीत ठेवल्या. आई चांगली ताटली देणार नाही हे माहीत होतं, म्हणून सगळं पळसाच्या पत्रावळीवर मांडलं.

तुम्हाला आत्ताच काय ते दिसलं असेल. मला नाही दिसलं. मला मेंदूच दिसत होता.

सगळ्यांसमोर तो मॅडमच्या हातात देणं मला जमलं नसतं. म्हणून मी सात वाजताच गेले. मॅडमच्या खोलीला कुलूप होतं. मी पत्रावळ उंबऱ्यापाशी ठेवली आणि कुणी बघायच्या आत घरी आले. चहा प्यायले. वेणी नीट घातली.

परत गेले तेव्हा सगळी मुलं मैदानात. माझी मैत्रीण शबाना फाटकापाशीच भेटली. तिने माझा हात घट्ट धरला.

"अव अंकिता, तिकडे जाऊ नको. मॅडमच्या दारात कोणंतरी उतारा टाकला."

आता उतारा म्हणजे काय हे आमच्याकडे दुसरीतल्या पोरालाही माहीत असतं. कुणाची पीडा उतरवून तीन वाटा मिळतात तिथे टाकलेलं लिंबू, पीठ, कुंकू. ते ओलांडायचं नाही, बघायचं नाही. माझ्या अंगावर काटाच आला. बिचाऱ्या मॅडमवर कुणी असं करावं? मी शबानाला म्हटलं, आपण मागच्या बाजूने जाऊ. आणि खरंच आम्ही दोघी मुतारीला वळसा घालून, माझ्याच मेंदूपासून लांब, घोळक्याच्या मागे जाऊन उभ्या राहिलो.

तिथून, घोळक्यातल्या फटीतून, मला उन्हात चमकणाऱ्या टाचण्या दिसल्या. माझ्याच.

त्या क्षणी बोलायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण समोर साठ-सत्तर मुलं, तीन सर आणि आमचे शिपाई रामधन काका. काका या विषयातले आमच्याकडचे जाणकार. ते लांबूनच सगळ्यांना समजावून सांगत होते. जागा कशी बरोबर निवडली आहे बघा, फाटकाची वाट, जिना आणि व्हरांडा, तीन वाटा इथेच मिळतात. पत्रावळसुद्धा पळसाचीच. हे नवख्या माणसाचं काम नाही, असं ते म्हणाले आणि मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हस्तकलेची इतक्या बारकाईने दखल घेत होतं.

पहिल्या बाकावरचा पंकज टाचण्या मोजत होता. "सात हायेत. अन् आज शनिवार, वरून अवस. मॅडमची गाडी काऊन नाही आली मंग अजून?"

गाडी वाटेत पंक्चर झाली होती. पण हे मॅडम पाऊण तास उशिरा आल्यावर कळलं. तोपर्यंत चार जणांनी मानसशास्त्रातून नाव काढून घेतलं होतं. एकीच्या वडिलांनी तर शेतातूनच प्राचार्य सरांना फोन केला, की असल्या विषयाला आमची पोरगी नको. अठराचे चौदा झाले.

मॅडम म्हणाल्या, मी उचलते ते. काकांनी त्यांना जाऊ दिलं नाही. आपला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे प्राचार्य सरांनी दोनदा सांगितलं, पण लांबूनच सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, आजचा कार्यक्रम राहू द्या. नाव द्यायची मुदत तर आजच संपते. होईल पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी मी बारावीत. म्हणजे कधीच नाही.

माझा आवाज निघेना, म्हणून मी पायांनी गेले. सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेले, खाली बसले आणि कंपासपेटी उघडली. मागून काका ओरडले, पोरी, हात नको लावू. मी लिंबावरच्या टाचणीला 'लहान मेंदू' अशी चिठ्ठी लावली. मग 'स्मृती'. मग 'दृष्टी'.

"अंकिता, हे तू केलंस?" मॅडमनी विचारलं.

"हाव, मॅडम."

सगळा घोळका दोन पावलं मागे सरकला. शबानासुद्धा. मी समजावून सांगायला गेले होते, आणि लोकांना तर गुन्हेगार सापडला होता.

"मेंदू आहे," मी म्हटलं.

"कोणाचा?" पंकजने विचारलं.

मॅडम हसू लागल्या. तोंडावर रुमाल धरला तरी हसू थांबेना. मग त्यांनी पत्रावळ सरळ दोन्ही हातांनी उचलली, खोलीतलं टेबल व्हरांड्यात मागवून घेतलं आणि तिथेच उभ्याने शिकवायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलं, तर पीठ, लिंबू आणि दोरा. एवढंच. बाकीचं सगळं तुमच्या मेंदूने जुन्या आठवणीतून काढून त्यात भरलं. भीती वाटायला क्षणही लागत नाही. विचार करायला वेळ लागतो, म्हणून तो नेहमी मागून येतो. सगळे हळूहळू टेबलाजवळ सरकले. प्राचार्य सरही सरकले.

शेवटी मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, काम सुंदर झालंय, फक्त लहान मेंदू मागे असतो, तू तो कपाळात बसवला आहेस. आणि स्मृती जिथे लिहिली आहे तिथे स्मृती नाही.

"मेंदूचं मले नाही कळत मॅडम," रामधन काका म्हणाले. "पण उतारा म्हणून पाहाल, तर पोरीनं एकबी सामान सोडलं नाही."

त्यावर जे हसले त्यांत प्राचार्य सर पण होते.

मग नावं. काढून घेतलेली चारही परत आली, शिवाय एक नवीन मुलगी. एकोणीस. मॅडमनी यादी वाचली आणि सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हलेना. मी नखं बघत उभी होते. तेवढ्यात पंकज पुढे आला, त्याने फॉर्म घेतला, भिंतीला टेकवून भरला आणि मॅडमना दिला. वीस. विषय वाचला.

सोमवारी ते फॉर्म नीट लावायचं काम मॅडमनी माझ्याकडे दिलं. प्रत्येक फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो, 'हा विषय का निवडला?' कुणी लिहिलं होतं आवड म्हणून, कुणी मार्क चांगले मिळतात म्हणून. पंकजचं अक्षर मोठं आणि स्वच्छ आहे. त्याने लिहिलं होतं: 'मॅडमनी समजावलं ते पटलं. तरीपण अंकिता याच वर्गात असणार आहे, म्हणून आपल्याले असल्या गोष्टींची माहिती असलेली बरी.'