बॉल देणारा

बास्केटबॉलमध्ये एकच माणूस खेळतो, तो म्हणजे बॉल रिंगमध्ये टाकणारा. उरलेले चौघे हमाल. असं आमच्या बीदरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. खेळ नवा होता. पोलीस ॲक्शन झाल्यावर मद्रासकडचे एक साहेब आमच्या खात्यावर आले, त्यांना या खेळाचं वेड. त्यांनी कचेरीमागच्या तांबड्या मुरमाच्या मैदानात सागाचे दोन खांब रोवले, वर लाकडी फळे ठोकले, लोहाराकडून रिंगा करून घेतल्या आणि खेळणारी माणसं गोळा करायला घेतली. खातं कोणतं ते मी सांगणार नाही. कागदावर आम्ही हंगामी शिपाई होतो, पण आम्हाला कधी कुणी झाडू मारायला लावला नाही की टपाल देऊन पाठवलं नाही. सकाळ-संध्याकाळ खेळायचं, गुलबर्ग्याला नाहीतर हैदराबादला सामने असले की ट्रकमध्ये बसायचं आणि महिना भरला की पगार उचलायचा. खेळून पोट भरणारे लोक तेव्हा आमच्या भागात दोनच, पैलवान आणि आम्ही.

पैलवानांमुळेच सगळा घोळ झाला. आमच्याकडे सामना म्हणजे कुस्ती. कुणी कुणाला पाडलं ते दहा हजार माणसांना एकदम दिसतं, मग जिंकणाऱ्याला फेटा बांधायचा आणि खांद्यावर घेऊन नाचवायचं. लोकांनी तोच कायदा या खेळाला लावला. आमचे हेडक्लार्क पूर्वी जत्रेत कुस्त्या जोडून द्यायचे. सामना संपला की ते पुकारायचे, आज सर्वांत जास्त बॉल अमक्यानं टाकले, आणि त्या अमक्याला मैदानातच फेटा बांधला जायचा. फेटेवाला परत येताना ड्रायव्हरशेजारी बसायचा, बाकीचे मागे वळकट्यांवर. मद्रासचे साहेब कपाळाला आठ्या घालायचे, पण लोक खूश आहेत म्हणून गप्प राहायचे. माझ्याकडे असे अकरा फेटे जमले होते.

मी हुलसूरच्या मास्तरांचा मुलगा. उंच होतो, मॅट्रिक झालो होतो, इंग्रजी बरं बोलायचो आणि स्वतःबद्दलचं माझं मत फारच चांगलं होतं. कचेरीत कुणी साहेब आला की दुभाषा म्हणून मलाच पुढे करायचे. त्यामुळे आणखी माज.

आणि तो खजुरी गावचा धनगर. माझ्याहून वीतभर बुटका, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, घरी बायको आणि एक मुलगी. रोगानं मेंढ्या मेल्या म्हणून बीदरला मजुरीला आला होता आणि आमचंच मैदान सपाट करायच्या कामावर होता. आमचा बॉल मैदानाबाहेर गेला की तो परत फेकायचा. ज्याच्याकडे फेकायचा त्याच्या बरोबर छातीशी यायचा, मग तो माणूस उभा असो की पळत असो. मद्रासच्या साहेबांनी आठवडाभर हे बघितलं आणि त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

खेळताना तो बॉलकडे बघायचाच नाही. कोण कुठे चाललाय आणि पुढच्या क्षणाला कुठे असेल, तेवढं बघायचा. मी रिंगखाली पळत जायचो, वळायचो, हात वर करायचो, आणि हातात बॉल आलेला असायचा. मला तो फक्त वर सोडायचा असे. तिथून रिंग हाताच्या अंतरावर, आंधळ्यानंही टाकला असता. लोक माझ्या नावानं ओरडायचे आणि मी हात हलवायचो. तो तोवर माघारी पळालेला असायचा, कारण आता समोरचे येणार हे त्यालाच आधी कळायचं.

मी एकदा त्याला विचारलं, तू स्वतः कामून टाकत नाहीस?

तो म्हणाला, "मी टाकायलो तर तुमी चौघं उगंच उभे ऱ्हाताव अण्णा. द्यायलो तर समदे पळतेत."

एवढ्या वर्षांत मी या खेळावर पुष्कळ ऐकलं आणि वाचलं. याच्यापेक्षा शहाणं काही माझ्या वाचनात आलं नाही. त्या दिवशी मात्र मी ते वाक्य ट्रकमध्ये त्याच्याच आवाजात म्हणून दाखवलं आणि सगळ्यांना हसवलं.

आम्ही त्याला फार वाईट वागवलं. बॉलला चरबी चोळणं, त्याची सैल झालेली चामडी वादी परत ओवणं, घामट जर्स्या धुणं, ही कामं आपोआप त्याच्याकडे गेली. बॉल त्याच्याकडे क्षणभर राहिला तरी कुणीतरी ओरडायचं, "ए धनगरा, बॉल हाय त्यो, कोकरू न्हाई, सोड लवकर." तोही हसायचा. सर्वांत मोठ्यानं मी हसायचो. आपण कुणाच्या जिवावर उभे आहोत हे ज्याला माहीत असतं, त्यालाच असं हसावं लागतं.

गुलबर्ग्याच्या एका सामन्यात मी वळायला उशीर केला. मी वळेपर्यंत त्याला बॉल धरून ठेवावा लागला आणि समोरचा धिप्पाड गडी त्याच्या हातावर पडला. उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. पडल्या पडल्या त्यानं डाव्या हातानं बॉल माझ्याकडे ढकलला. मी टाकला. आम्ही जिंकलो. त्याच्या बोटावर हळद-चुना बांधत होते तेव्हा मला फेटा बांधत होते. बोट वाकडंच सांधलं. चौथ्या दिवशी तो परत मैदानात आला.

मग छप्पन साल उजाडलं. निजामाचं जुनं राज्य मोडणार, मराठवाडा मुंबईकडे, तेलंगण आंध्राकडे आणि आम्ही म्हैसूरकडे, असं नक्की झालं. कचेरीत रोज नवी यादी लागायची. मद्रासच्या साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी जे आले त्यांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं आणि खेळातलं तर काहीच कळत नव्हतं. वरून हुकूम आला की हंगामी लोक काढून टाका. हेडक्लार्कनी रदबदली केली तेव्हा पाच खेळाडूंपैकी तिघांना कायम करायचं ठरलं. दोघांनी घरी जायचं.

त्यानं मुलीला बीदरच्या शाळेत घातलं होतं. खजुरीत तेव्हा मुलीला शाळेत घालणं म्हणजे वेडेपणा समजायचे. नोकरी गेली तर बीदर सुटणार आणि बीदर सुटलं तर पोरगी पाटी टाकून दुसऱ्यांच्या मेंढ्यांमागे जाणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तो एरवी कमी बोलायचा, पण त्या दिवसांत भेटेल त्याला सांगायचा, "पोरगी बेरजा करायली आता. हातच्याच्या."

तिघे कसे निवडायचे असं नव्या साहेबांनी विचारलं. हेडक्लार्कनी कुस्तीचा उपाय सांगितला. एकेकाला उभं करायचं, दहा-दहा बॉल टाकायला लावायचे, ज्याचे जास्त पडतील तो कायम. मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांना फार पसंत पडलं, अर्ध्या तासात काम उरकत होतं.

सकाळी कचेरीतले सगळे मैदानाभोवती जमले. पहिल्याचे सात पडले, दुसऱ्याचे सहा. तिसरा मी. एकटं, शांत उभं राहून, रेघेवरून. माझे चार पडले. अकरा फेटेवाल्याचे चार! माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौथ्याचे तीन पडले तेव्हा मला श्वास आला. आता एकटा तोच उरला होता.

तो बॉल घ्यायला गेला नाही. माझ्याजवळ आला.

"अण्णा, साहेबाला एवढं सांगा," तो म्हणाला. "मला एकट्याला उभं करून कामून बघायलेत? मी टाकणारा न्हाई, देणारा हाय. पाचही जणांला खेळवा म्हणावं, पाच मिनटं. मंग न्हाई पटलं तर मी आजच्या आज गावाकडं जातो."

साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतोय हा?

मला विचार करायला वेळ लागला नाही, हे मला आज मान्य केलं पाहिजे. पाच जण खेळले असते तर पाच मिनिटांत त्या अडाणी साहेबालासुद्धा दिसलं असतं की माझे बॉल कुणाचे होते. मी इंग्रजीत म्हणालो, तो तयार आहे साहेब, फक्त आधी देवाचं नाव घेतो म्हणतोय. तो एवढं लांबलचक बोलला होता, म्हणून देव मधे घालावा लागला.

साहेब हसले आणि मान हलवली.

ती मान त्यानं बघितली. त्याला वाटलं, ऐकलं. तो उजळला आणि मैदानाच्या मधे जाऊन उभा राहिला, आम्ही चौघे येऊ म्हणून वाट बघत. आम्ही रेघेबाहेर उभे होतो. कुणीतरी त्याच्याकडे बॉल फेकला. त्यानं सवयीनं माझ्याकडे बघितलं, मी कुठून पळणार ते बघायला. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. मग साहेबांनी घड्याळ बघून रिंगेकडे बोट केलं, आणि त्याच्या तोंडावरचं सगळं उतरलं.

त्याचे दहा बॉल मी मोजले. वाकडं बोट प्रत्येक वेळी बॉलला बाजूला ढकलत होतं. पाचवा तर फळ्यावरून पलीकडे गेला आणि हेडक्लार्क ओरडले, "खजुरीला पोचला का बघा रे!" अख्खी कचेरी हसली. साहेबांना कशाला हसतात ते कळलं नाही, तरी तेही हसले. एक पडला, तोही खांबाला लागून.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. त्यात तिसरं नाव माझं. त्यानं जर्सी धुऊन, घडी घालून माझ्याकडे दिली आणि बायको-मुलीला घेऊन खजुरीकडे जाणाऱ्या आळंदच्या बसमध्ये बसला. मुलीच्या मांडीवर पाटी होती. मी स्टँडवर गेलो होतो, ते त्याला निरोप द्यायला नव्हे, तो खरंच जातोय ना ते बघायला.

मी कायम झालो आणि माझा खेळ संपला. रिकाम्या दोन जागांवर कचेरीतले दोन कारकून घेतले. पुढच्याच सामन्यात मी रिंगखाली पळालो, वळलो, हात वर केला आणि तसाच उभा राहिलो. बॉल आला तो माझ्या मागून, उशिरा. परत पळालो, परत हात वर. लोक आधी चुचकारत होते, मग शिट्ट्या मारायला लागले, मग एक म्हातारा ओरडला, "बस पकडायलाय का रे?" पूर्ण सामन्यात मी दोन बॉल टाकले. तीन महिन्यांत साहेबांनी मला मैदानावरून उचलून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. नोकरी काही गेली नाही. त्याच टेबलाच्या आसपास मी तीस वर्षं काढली आणि पेन्शन घेतली.

पण सांगायचं ते वेगळंच आहे. पुढच्या उन्हाळ्यात तो एकदा कचेरीत आला. अंग वाळलं होतं, पाय फुटले होते. माझ्या टेबलाशी उभा राहून त्यानं काखेतलं नवं घोंगडं पुढे ठेवलं.

"तुमच्यासाठी इनलंय अण्णा," तो म्हणाला. "तुमी त्या दिवशी साहेबाशी माझ्यासाठी बोललाव. दुसरं कोन बोलतंय आमच्यासाठी?"

मी पैसे काढले. तो घेईना. शेवटी मी घोंगडं टेबलाखाली सारलं आणि बस म्हणालो. तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं विचारलं. खजुरीहून तो तेवढंच विचारायला आला होता, असं मला तेव्हाच कळलं.

"पर अण्णा, साहेब तर हसले होते की. मान बी हलवली. मंग खेळवलं कामून न्हाई? काय म्हनले ते?"

खरं सांगायला ती शेवटची संधी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. नोकरी पक्की झाली होती, कुणी माझं काही वाकडं करू शकत नव्हतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं की मी तुझं बोलणं साहेबांना सांगितलंच नाही. त्यानं मला मारलंही नसतं. पण मग ज्या मैदानावर मी राजा होतो तिथला खरा खेळाडू तो होता, हे मला माझ्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. मला त्याचा राग आला. अजूनही कधी कधी येतो.

मी म्हणालो, "साहेब म्हणाले, बॉल देणारे काय, कितीबी मिळतात. ते काम कुणीबी करतंय."

त्या वाकड्या बोटाचं पेर दुसऱ्या हातानं दाबत त्यानं ते वाक्य नीट मनात घेतलं. मग त्यानं मान हलवली.

"व्हय, ते बी खरंच की," तो म्हणाला. "पोरगी सारखी इचारायली, अप्पा, तुमाला कामून काढलं म्हनून. आता सांगतो तिला."