मोठ्या आईनं काढलेलं उट्टं

आमची मोठी आई कुणाला माफ करत नसे. वय झालं की माणूस मवाळ होतं म्हणतात. ती झाली नाही. "इसरायला मी काय चाळण हाये?" असं ती विचारायची आणि विचारताना हसायची, म्हणून समोरचा जास्तच घाबरायचा. ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की मी आधी तिच्या चुलीपाशी जायचे, मग आमच्या घरी.

घरं तरी काय, पंचवटीत नाल्याच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या, मध्ये एकच भिंत. दोघे भाऊ भाजीच्या बाजारात हमाल. पावसानं आवक घटली की दोन्ही खोल्यांत मिळून एक पातेलं चढायचं. मोठी माणसं एका ताटात बसायची, पाण्याचा तांब्या तोंडाला लावून पुढच्याला द्यायची. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते टोळीचे मुकादम झाले आणि थोरला भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, त्यांच्या हाताखाली आला. मोठ्या बाबांना पोट रिकामं असलं की छातीखाली जळायचं, मग कळ यायची. गोणी टाकून ते पोट धरून बसायचे. अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "गाडी लागली रे लागली, का आमच्या दादाचं पोट लागलं दुखायला!" टोळी खदाखदा हसायची. एका हंगामात तर अण्णांनी त्यांना टोळीतूनच काढलं. म्हणाले, "बसून खाणारा मला नको." मोठे बाबा सोडा-लिंबू पीत राहिले. पुढे शौचाला रक्त पडायला लागलं, तेव्हा मूळव्याध समजून झाडपाला घेत राहिले.

दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. जठरात जंतूनं केलेली जखम सापडली, आणि मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ. डॉक्टरांनी मोठ्या आईला समजेल असं सांगितलं : अशी गाठ बहुतेक वेळा आधी एवढीशी असते, तिला पॉलिप म्हणतात, तेव्हाच काढली तर माणूस वाचतो. तिनं मान हलवली आणि ऐकलेलं आत ठेवून दिलं. रामकुंडावर दहाव्याला अण्णा रडले. चारचौघांत म्हणाले, "दादानं एकदा नीट सांगितलं असतं, तर मी खांद्यावर घालून नेला असता."

मोठी आई म्हणाली, "सांगितलं व्हतं, भाऊजी. तुम्ही हसले व्हते."

त्या दिवसापासून तिनं आमच्या घरचा चहा घेतला नाही. माझ्या ताटात मात्र तिची भाकरी पडत राहिली. मी बी.एस्सी. झाले. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली पदवी माझी. हे मी आजही कुणीही न विचारता सांगते. अण्णांनी पेढे वाटले. मोठ्या आईनं एकच विचारलं, "आता डाक्टर तुला अगंतुगं करून गप नाय ना बसवणार?"

मी म्हटलं, "बसवून तर बघू दे."

पुढे अण्णांच्या खिशात आम्लपित्ताच्या गोळ्या दिसू लागल्या. जेवणाआधी एक, नंतर एक. मोठी आई दारातून बघायची. एकदा तिनं विचारलं, "जळतं का, भाऊजी?" इतक्या मायेनं विचारलं, की माझ्या अंगावर काटा आला.

खोटं कशाला बोलू? तिला अण्णांचा जीव वाचवायचा नव्हता. "माझ्या माणसाच्या नरड्यात नळी घातली, तवा हा भाईर तंबाखू मळत व्हता," ती मला म्हणाली. "याच्या बी घालू दे. वरून बी अन् खालून बी." मी अण्णांची पोटची पोर, पण मलाही ते बघायचं होतं. अण्णा काही केल्या दवाखान्यात येईनात. मग ती बाजारातल्या चहाच्या टपरीवर गेली आणि टोळीसमोर पदर सावरत म्हणाली, "मुकादम दुर्बिणीच्या नळीला भेतो बरं का." दुसऱ्याच दिवशी अण्णा धुतलेला शर्ट घालून तयार.

जठरात तोच जंतू निघाला. डॉक्टर मला म्हणाले, "एका घरात, एका ताटात हा पसरतो. जंतू असला की आतड्यात पॉलिप जास्त सापडतात असं काही जण म्हणतात, पक्कं नाही. पण सख्ख्या भावाला आतड्याचा कॅन्सर झाला होता ना? मग आतडं बघायलाच हवं."

त्यासाठी आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यायचं असतं, खारट, तांब्यावर तांब्या. आमच्या ओळीला संडास एकच. मोठ्या आईनं संडासाच्या वाटेवर पाट टाकला आणि त्यावर ती तांदूळ निवडत बसली.

"आलं का पुन्हा? अहो, गाडी लागलीय बाजारात!"

"वहिनी, बाजूला व्हा."

"बसा की जरा पोट धरून. माझा माणूस बसायचा तसं."

"वहिनी, पाया पडतो!"

"आधी जाऊन या. हात धुवा, मग पडा."

सगळी ओळ दारात येऊन हसत होती. अण्णांनी त्या दिवशी मान वर केली नाही. मला दया आली नाही.

तपासणीत पॉलिप सापडला. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे काढला. लॅबमधून तो तपासून आल्यावर सांगितलं, "बिघडायला लागला होता. आणखी काही वर्षं राहिला असता, तर भावाच्या वाटेनंच गेले असते." जंतूवर गोळ्यांचा कोर्स लिहून दिला. मी वळून बघितलं, तर मोठ्या आईचा चेहरा उतरलेला.

"ह्यो वाचला व्हय?" ती म्हणाली. "मी याला रडवायला आणला व्हता."

अण्णांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय देऊ?"

"मला काय बी नको. टोळीत चला."

ती त्यांना टपरीवर घेऊन गेली. जुने हमाल होतेच. अण्णांना एवढी माणसं हाताळायची सवय, पण तिथे ते दोनदा माघारी वळले. मोठी आई शेजारी उभीच. शेवटी ते म्हणाले, "दादाच्या पोटात खरंच दुखत व्हतं. मी त्याला खोटं पाडलं. माझं चुकलं." कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या हमालानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

परत येताना मी म्हटलं, "आता तरी माफ कर त्यांना."

"कशाला?" ती म्हणाली. "त्यानं कबूल केलं, झालं."

तिनं माफ केलं नाही. मरेपर्यंत आमच्याकडे चहाही घेतला नाही. अण्णा ऐंशीच्या घरात आहेत आणि ठणठणीत आहेत. त्या टोळीत पुन्हा कुणी मोठ्या बाबांना कामचोर म्हटलं नाही.