खळ्यावर उतरणारं विमान

आई जाण्याआधी मी पोचेन का, हा एकच प्रश्न होता. पण त्यासाठी देवाला साकडं घालावं असं मला वाटत नव्हतं. मुंबईत नोकरीला लागल्यापासून देवाची आणि माझी बोलचाल बंदच होती. आईचा भरवसा मार्कंड्याच्या महादेवावर, माझा वेळापत्रकावर. ती अत्यवस्थ असल्याची तार आली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं आणि गावी उलट तार केली, विमानाने निघतो.

विमानात बसलो आणि काळजीच्या जोडीला कुतूहल जागं झालं. आगगाडीला रात्रभर पुरणारी वाट हे यंत्र न्याहारी आणि जेवणाच्या मधे कशी संपवतं? अंतर तेवढंच, मग वेळ जातो कुठे? खाली शेतं दिसत होती, माणूस एकही दिसत नव्हता. इतक्या उंचावरून देवाला तरी माणूस दिसत असेल का, असं मनात येऊन गेलं. दुपारच्या आत नागपूर! मी हरखून गेलो. मग छोट्या रेल्वेने माझी मिजास उतरवली. डुलतडुलत ती मूल स्टेशनला पोचली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

बस निघून गेलेली. बांगड्यांच्या पेट्या लादलेला एक छकडा सावली गावाकडे निघत होता. त्याचे मालक, पांढऱ्या दाढीचे एक चाचा, आपणहून म्हणाले, “काऊन उभे हा भाऊ? बसा ना.” माझं ऐकल्यावर ते सावलीला थांबलेच नाहीत, बैल थेट आमच्या गावाच्या वाटेला लावले. मला भरून आलं. महादेवा, आता तूच बघ, असं त्या छकड्यात मी कित्येक वर्षांनी म्हटलं.

गावाच्या अलीकडे, नाल्याच्या या काठाला आमचं खळं. भर मळणीत तिथे बैल नव्हते. धान बाजूला सारलेलं, जमीन नव्याने सारवलेली, आणि ज्या खांबाभोवती बैल फिरतात ती मेढ उपटून ठेवलेली. धानाची रास पुजल्याशिवाय मेढ कोणी हलवत नाही. कडेला सगळं गाव आभाळाकडे बघत बसलं होतं, आणि झाडाच्या सावलीत खाटेवर आई होती.

“मेढ काऊन काढली, काका?” खाटेशी बसलेल्या काकांना बघून माझ्या तोंडून आधी हेच निघालं.

“इमानाच्या पंखाले लागली असती ना, बापू! तुई माय कालपासून म्हणून राह्यली, पोरगा इथीच उतरते, मले खळ्यावर न्या.”

मी आईला पाणी पाजलं. दोन घोट तिने घेतले, माझ्या गालावरून हात फिरवला. “लवकर आला रे,” एवढंच म्हणाली. पुढचा घोट ओठांतून परत आला.

आमचं घर नाल्यापलीकडे. वळसा घालून छकडा तिथे पोचेपर्यंत ती राहिली नसती. हा चमत्कार की भाबड्या माणसांची चूक, याचा मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही. मुंबईपासूनची वाट विमानाने कापली, रेल्वेने कापली, चाचांनी कापली. नाल्यापलीकडचा तुकडा माझ्या हातचा नव्हता, म्हणून आईलाच अलीकडे आणलं गेलं. आपण निघायचं तेवढं; भेट घालून देणं त्याच्याकडे.