टंगस्टनमधले चार इलेक्ट्रॉन

नवऱ्याची बदली झाली म्हणून मी साताऱ्याचं ज्युनिअर कॉलेज सोडून इंदूरला आले. वाटलं, केमिस्ट्री शिकवणाऱ्याला काम काय, कुठेही मिळेल. सुदामा नगरच्या फ्लॅटमध्ये वर्ष गेलं. घरी बसून मला माझाच कंटाळा आला होता. त्यामुळे एका कोचिंग क्लासने डेमोला, म्हणजे नमुन्याचा तास घ्यायला बोलावलं, तेव्हा ती नोकरी मला हवीच होती.

तिथली पद्धत अशी, की तास संपला की मालक सर्वांदेखत मुलांना हात वर करायला सांगत. निम्म्याहून जास्त हात वर आले तर नोकरी, नाहीतर चहा पिऊन घरी.

विषय मिळाला संक्रमण धातूंची इलेक्ट्रॉन रचना. माझा हातखंडा. स्कँडियमपासून फळ्यावर लिहीत गेले, इलेक्ट्रॉन आधी फोर-एस कक्षेत, मग थ्री-डीत. क्रोमियमशी थांबले. थ्री-डीत चार आणि फोर-एसमध्ये दोन असायला हवेत, पण असतात पाच आणि एक. कारण दहा जागांची डी बरोबर अर्धी भरली की जास्त स्थिर. माना डोलल्या.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. इथल्याच मराठी घरातली, प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसणारी.

"मॅडमजी, टंगस्टन पण क्रोमियमच्याच कॉलममध्ये खाली आहे ना? त्याच्या डीमध्ये तो चारच राहतात. मग तिथे हे लॉजिक का नाही चाललं?"

प्रश्न चोख होता आणि मला फार आवडला. 'अपवाद आहे' म्हणून पुढे सरकता आलं असतं. पण मी खडू खाली ठेवला.

"हे कारण आपण उत्तर कळल्यावर मागून जोडतो," मी म्हणाले. "टंगस्टनचं पूर्ण कारण मलाही नीट माहीत नाही."

म्हणजे स्वतःच्या हाताने पायावर धोंडा. मागच्या बाकावरून मालक उठले. "चला भिया लोग, मॅडम पाहिजेत तर हात वर करा."

निम्मेही आले नाहीत. पुढच्या बाकावरच्या त्या मुलीचा तर नव्हताच. तो येईल असं मी धरून चालले होते.

जिन्यात ती भेटली, तेव्हा न राहवून विचारलंच, हात का नाही वर केलास.

"मॅडमजी, तुम्ही खरं बोललात, ते समजलं मला," ती अगदी आदराने म्हणाली. "पण पेपरात 'माहीत नाही'चा ऑप्शन नसतो. आणि माझा हा लास्ट चान्स आहे. यानंतर घरचे लग्न करतील."

मला राग यायला हवा होता. आला नाही. वाईट मात्र वाटलं, कारण तिच्या जागी मी असते, तर माझाही हात खालीच राहिला असता.