हेर लांग यांची बंदूक आणि माझं खोबरेल

प्रिय सई आणि निहार,

माझ्या आयुष्यात मी एकच बंदूक साफ केली, आणि तिच्यामुळे जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधला एक सज्जन माणूस राजा व्हायचा राहिला.

सई, तू तेव्हा चार वर्षांची होतीस. निहार, तू अजून यायचा होतास. मी आणि आजोबा तुमच्याकडे राहायला आलो होतो. खालच्या मजल्यावर घरमालक हेर लांग राहायचे ('हेर' म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत). उंच, निवृत्त आणि माझ्यासारखेच शिस्तीचे. जिन्यात कुणाची चप्पल वाकडी दिसली, तर ती सरळ करूनच पुढे जायचे. मला इंग्रजी उत्तम येतं, त्यांना अजिबात येत नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

खंडेनवमीला मी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली. सुरी, स्क्रूड्रायव्हर, तुमच्या बाबाचा लॅपटॉप. व्हॅक्यूम क्लीनर मावेना, म्हणून त्याला शेजारी वेगळं आसन दिलं. तेवढ्यात हेर लांग कचऱ्याच्या डब्यांबद्दल काहीतरी सांगायला वर आले आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या गळ्यातला हार पाहून कचरा विसरले.

"आज आमच्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा असते," तुमच्या आईने त्यांना जर्मनमध्ये समजावलं.

"शस्त्रांची?" असं म्हणून ते खाली गेले आणि छऱ्यांची बंदूक घेऊन आले.

त्यांच्या नेमबाजी क्लबात दरवर्षी स्पर्धा व्हायची. जिंकेल तो वर्षभर क्लबचा राजा. गळ्यात चांदीची साखळी, टोपीला पीस, पुढे बँड. हेर लांग नेहमी दुसरे यायचे, आणि पहिले यायचे ते समोरच्या घरातले हेर ओटे.

"रविवारी स्पर्धा आहे. डोळे आता फार साथ देणार नाहीत," ते म्हणाले. "तुमचा देव मदत करत असेल, तर माझी हरकत नाही."

मग त्यांनी कौतुकाने बंदूक दाखवली. "जुनी आहे, पण साधी. इथे नळी खाली वाकवायची, हे स्क्रू काढायचे, की सगळी सुटी. लहान मूलही साफ करेल."

तुमच्या आईने याचं भाषांतर करायला नको होतं.

मी बंदुकीला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दसऱ्याला पूजा उतरवली, तर फटींत कुंकू आणि नळीत तांदूळ. अशी वस्तू परत करायची? कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला तसं वाढवलं नव्हतं.

"अगं, त्याची बंदूक आहे, तो करेल साफ," आजोबा पेपराआडून म्हणाले.

"अहो, लहान मूलही करेल म्हणाले ते."

"मग सईला दे."

मी वर्तमानपत्र पसरलं, कालच पूजलेला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि निघेल तो भाग ओळीने मांडला. बंदूक खरोखर साधी होती. माझा पुण्याचा मिक्सर उघडायला याहून अवघड आहे. सगळं पुसून झालं, राहिलं तेल. मशीनचं तेल घरात नव्हतं. खोबरेल होतं, शुद्ध, पुण्याहून आणलेलं. ते मी सढळ हाताने सगळीकडे घातलं. (ती बाटली आम्हाला हीटरवर ठेवावी लागायची, नाहीतर तेल थिजायचं. यावरून मला काही सुचायला हरकत नव्हती.)

रविवारी आम्ही सगळे स्पर्धा बघायला गेलो. कडाक्याची थंडी होती, आणि नेमबाजीची शेड एका बाजूने उघडी. शेवटी दोघेच उरले. ओटेंचा छर्रा मध्यबिंदूच्या जरासा बाहेर लागला. आता लांग यांनी मधोमध मारला, की ते राजा.

त्यांनी नेम धरला. घोडा दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. आतलं खोबरेल एव्हाना वडीसारखं घट्ट झालं होतं. ते लालबुंद होऊन, थरथरत, सगळ्या ताकदीने दाबत राहिले. आणि एकदम धडाम! दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने आतल्या तेलाने पेट घेतला आणि नळीतून निळसर धूर निघाला. छर्रा अगदी मध्यबिंदूत लागला होता. फक्त तो फलक शेजारचा, ओटेंचा होता.

शेडभर खोबऱ्याचा खमंग दरवळ पसरला. आणि सई, तू सगळ्यांना समजेल अशा स्वच्छ जर्मनमध्ये जाहीर केलंस, "आजीच्या केसांचा वास येतोय!"

सबंध क्लब माझ्या अंबाड्याकडे बघू लागला.

मी अत्यंत शुद्ध इंग्रजीत माफी मागितली. हेर लांग यांनी नळी हुंगली, मग माझ्याकडे पाहिलं आणि "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', एवढंच म्हणाले. तिकडे ओटेंच्या गळ्यात साखळी पडत होती.

नंतर मी जिन्यात मुद्दाम चप्पल वाकडी ठेवून पाहिली. त्यांनी ती सरळ केली नाही. तेव्हा कळलं, माणसाच्या फार मनाला लागलंय. आम्ही परत निघेपर्यंत ती वाकडीच राहिली.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा आलो. खंडेनवमीला बेल वाजली. दारात हेर लांग, हातात बंदूक, चेहऱ्यावर देवळात जातानाचा भाव.

"पण ही तुमची दिसत नाही," तुमची आई म्हणाली.

"ओटेची आहे. त्याला सांगितलंय, वरच्या आजी पूजा करतात आणि फुकट साफही करून देतात." मग ते माझ्याकडे वळले आणि प्रत्येक शब्द तोलत म्हणाले, "तेल तेच."

मी नुसती पूजा केली, तेल लावलं नाही. नियम म्हणजे नियम. पण जाताना त्यांनी वाकून माझी चप्पल सरळ केली, तेव्हा वाटलं, एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या साफसफाईवर इतका गाढ विश्वास कुणीच दाखवला नव्हता.

तुमची,
आजी